वैर नेमकं कशावरून?

खबऱ्याचे हातपाय बांधतात. तो लगेच बुडू नये म्हणून अंगाला बोये लावतात, डोक्यावर एक मासा बसवतात आणि त्याला समुद्रात सोडून देतात. वर घिरट्या घालणारा पक्षी माशावर झेप घेतो आणि त्या टोकदार चोचीनं खालची कवटी फुटते. मारणाऱ्यांच्या हाताला रक्त लागत नाही, कुणी खून केला असंही म्हणता येत नाही. 'द ब्रदर्स' या १९४७ सालच्या ब्रिटिश चित्रपटात ही शिक्षा आहे. गुन्हा काय, तर गावात चोरून गाळल्या जाणाऱ्या व्हिस्कीची बातमी सरकारी माणसांच्या कानावर घातली. पोलीस नाही, कोर्ट नाही, बेटाचा कायदा बेटावरच्यांनी चालवलेला.

डेव्हिड मॅकडोनल्डचा हा चित्रपट स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या स्काय बेटावर घडतो. काळ १९०० च्या आसपासचा. ग्लासगोच्या अनाथाश्रमात वाढलेली मेरी (पॅट्रिशिया रॉक) मॅक्रे कुटुंबात मोलकरीण म्हणून येते. घरात बाई माणूस नाही. म्हातारा बाप हेक्टर (फिनले करी) आणि त्याचे दोन मुलगे, थोरला जॉन (डंकन मॅक्रे) आणि धाकटा फर्गस (मॅक्सवेल रीड). शेजारच्या मॅकफॅरिश घराण्याशी यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. त्यातच मॅकफॅरिशांचा विली मेरीच्या मागे लागतो आणि जुन्या भांडणात तेल पडतं. दोन घराणी होड्या घेऊन वल्ह्यांची झुंज खेळतात, त्या श्रमानं म्हातारा जातो. बाप गेल्यावर घराण्याघराण्यातलं वैर घरात शिरतं आणि दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहतात. शेवट सांगून टाकणं बरं नव्हे. एवढंच म्हणतो की भोगावं लागतं ते त्या दोन घराण्यांपैकी कुणाचीच नसलेल्या मुलीला.

मराठी प्रेक्षक भाऊबंदकीच्या बाबतीत जाणकार असतो. दोन घरांत बोलाचाल नाही असं कळलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशावरून? बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, वाटणीवरून की लग्नात मानपान राहिलं म्हणून? 'द ब्रदर्स' पाहताना हा प्रश्न मनात येतो आणि चित्रपट त्याचं उत्तर देतच नाही. मॅक्रे आणि मॅकफॅरिश भांडतात कारण ते मॅक्रे आणि मॅकफॅरिश आहेत. ढग, डोंगर, खडक आणि खारं वारं जसं आधीपासून आहे तसं वैरही आहे. युद्धोत्तर ब्रिटिश सिनेमानं दूरच्या बेटांवर आणि खेड्यांत जाऊन घराण्यांच्या वैराच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्यांना हाच एक प्रश्न विचारून पाहावा असं मला वाटतं. ज्या चित्रपटाकडे 'कशावरून'चं उत्तर आहे तो आजही उभा राहतो. ज्याच्याकडे नाही त्याचा भार निसर्गदृश्यांना वाहावा लागतो आणि शेवटी एखाद्या बाईला.

आधी स्कायचा खरा हिशेब पाहू. मॅक्लाउड आणि मॅकडोनल्ड या तिथल्या दोन बड्या कुळांनी एकमेकांची गावं जाळली, गुरं पळवली, हे सगळं खरं आहे. पण त्यांची शेवटची लढाई कुलिन डोंगरांच्या पायथ्याशी, कॉयर ना क्रीखमध्ये, झाली ती १६०१ साली. चित्रपटाचा काळ त्यानंतर तीनशे वर्षांचा. चोरटी व्हिस्की गाळण्याचा जोरही १८२३ च्या अबकारी कायद्यानंतर ओसरला होता, कारण परवाना काढून उघडपणे गाळणं परवडू लागलं. एवढंच काय, मॅक्रे हे कूळ मुळात स्कायचंही नाही. ते समोरच्या किनाऱ्यावरच्या किंटेलचं. म्हणजे १९०० च्या स्कायमध्ये चित्रपटाला जे भांडण सापडलं ते तिथे जवळजवळ उरलेलंच नव्हतं.

मग तिथे भांडण नव्हतं का? होतं, आणि मोठं होतं. १८८२ च्या एप्रिलमध्ये स्कायच्या ब्रेझ भागात जमीन कसणाऱ्या कुळांवर बेदखलीच्या नोटिसा बजावायला अधिकारी आला. लोकांनी त्या नोटिसा त्याच्याच समोर जाळायला लावल्या. वाद होता बेन ली नावाच्या डोंगरावरच्या गुरचरणाचा. पिढ्यान्‌पिढ्या चारलेली ती जागा लॉर्ड मॅकडोनल्डच्या इस्टेटीनं काढून घेतली होती आणि लोकांनी खंड भरायचं थांबवलं होतं. काही दिवसांत ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आले आणि डोंगराच्या अरुंद वाटेवर गावानं त्यांच्यावर दगडांचा पाऊस पाडला. पुढच्या फळीत बायका होत्या, पोलिसांच्या लाठ्या त्यांनीही खाल्ल्या. पुढे दंगा शमेना म्हणून सरकारनं स्कायला युद्धनौका आणि नौसैनिकही धाडले. १८८३ साली नेपियर आयोग बेटाबेटांवर फिरून कुळांच्या साक्षी घेऊ लागला आणि १८८६ च्या कायद्यानं क्रॉफ्टवरचा, म्हणजे खंडानं कसायच्या लहानशा तुकड्यावरचा, कुळाचा हक्क पक्का झाला. कुळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवं वाटण्यासारखं फारसं नाही. नवल आहे ते याचं की ब्रेझच्या त्या झटापटीनंतर जेमतेम अठरा वर्षांनी घडणाऱ्या चित्रपटात जमीनदार नाही, खंड नाही, गुरचरण नाही, आणि दगड उचलणाऱ्या त्या बायकांच्या जागी शहरातून आलेली, सगळ्यांच्या नजरा झेलणारी एकटी मोलकरीण आहे.

याचा दोष एकट्या दिग्दर्शकाला देऊन चालणार नाही. कथेचा आधार एल. ए. जी. स्ट्राँग यांची १९३२ ची कादंबरी होती. त्या काळात ब्रिटनमध्ये सिनेमाची चलती अशी की १९४६ साली वर्षभरात १६३ कोटींहून अधिक तिकिटं खपली. इतकी पुन्हा कधीच खपली नाहीत. गेन्सबरो स्टुडिओची झगमगीत नाट्यं जोरात चालत होती. चाबूक, घोडे, दुष्ट सरदार, बंडखोर बायका असा सगळा थाट. पॅट्रिशिया रॉक त्याच मुशीतली नटी, 'द विकेड लेडी'मधली सोज्वळ बाजू तिची होती. 'द ब्रदर्स'चा निर्माता सिडनी बॉक्स आणि लेखनात हात असलेली त्याची पत्नी म्युरियल यांना 'द सेव्हन्थ व्हेल'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालेलं होतं. दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक मॅकडोनल्ड युद्धकाळात लष्कराच्या चित्रीकरण पथकाचा प्रमुख होता, उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरच्या 'डेझर्ट व्हिक्टरी' या माहितीपटाशी त्याचं नाव जोडलेलं. प्रत्यक्ष जागी जाऊन, असेल त्या उजेडात कॅमेरा लावायची सवय युद्धानं एका पिढीच्या अंगी बाणवली होती. त्यामुळे 'द ब्रदर्स'मध्ये स्टुडिओचं भडक नाट्य आणि माहितीपटाची नजर एकाच चुलीवर शिजलेली दिसतात. स्टीफन डेडच्या कॅमेऱ्यात डोंगर, पाणी आणि आभाळ अस्सल येतं. माणसं मात्र बऱ्याचदा स्टुडिओतून आलेली वाटतात. (मॅकडोनल्डचं पुढे काही खरं झालं नाही. १९४९ मध्ये कोलंबस आणि बायरनवरचे त्याचे दोन भव्य चित्रपट आपटले. १९५४ साली तो पुन्हा एकदा स्कॉटिश माळरानावर गेला तो 'डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स' घेऊन. त्यात मंगळावरची एक बाई काळ्या चामडी पेहरावात एका एकाकी खानावळीशेजारी उतरते. दूरच्या वस्तीत बाहेरून येणारी बाई, हा त्याचा विषय असाही पुरा झाला.)

या सगळ्या चित्रपटांचं मूळ युद्धाआधीचं आहे आणि माझ्या मते तेच अजून सर्वांत सरस आहे. मायकल पॉवेलचा 'द एज ऑफ द वर्ल्ड' १९३७ चा. त्याच्या डोक्यात घोळत होती सेंट किल्डाची हकिगत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये फार आत असलेल्या या बेटांवर माणसं समुद्रपक्षी, त्यांची अंडी आणि मेंढ्या यांवर जगत. रोज सकाळी पुरुष एकत्र जमून आज काय काम करायचं ते ठरवत. याला बाहेरचे लोक कौतुकानं 'पार्लमेंट' म्हणायचे. तरुण बाहेर गेले, होड्या हाकायला आणि कड्यावर दोर धरायला हात पुरेनात, आजारात मदत वेळेवर पोचेना. अखेर उरलेल्या माणसांनीच आम्हाला इथून न्या असा अर्ज केला आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी ३६ जणांना घेऊन 'हेअरबेल' ही नौका निघाली. पॉवेलला तिथेच चित्रीकरण करायचं होतं. बेटाच्या नव्या मालकानं पक्ष्यांना त्रास होईल म्हणून नकार दिला, तेव्हा तो शेटलंडमधल्या फूला बेटावर गेला. १९३६ च्या त्या मोहिमेत वादळांनी त्याची तुकडी अडकून पडली. हा सगळा खटाटोप त्यानं नंतर पुस्तकातही लिहिला.

पॉवेलच्या गोष्टीतही दोन कुटुंबं आहेत, मॅन्सन आणि ग्रे. पण हे वैरी नाहीत, सोयरे व्हायच्या बेतात आहेत. रूथ मॅन्सनचं अँड्र्यू ग्रेशी लग्न ठरल्यात जमा आहे आणि तिचा भाऊ रॉबी हा अँड्र्यूचा जिवलग. वाद पेटतो तो एका प्रश्नावरून: बेटावर राहायचं की बेट सोडायचं? रॉबीला जायचं आहे. अँड्र्यूचं म्हणणं, तू गेलास तर तुझ्यामागे बाकीचेही जातील, मग बोट कोण ओढणार? निर्णय जुन्या रिवाजानं लागायचा. दोघांनी दोराशिवाय, अनवाणी कडा चढायचा, आधी पोचेल त्याचं खरं. दोघे चढू लागतात. पॉवेल कॅमेरा बोटांवर नेतो, पायाच्या अंगठ्यांवर नेतो. ओला खडक, कपारीतलं गवत आणि खाली फुटणारी लाट. बापमंडळी खालून बघताहेत, पण ओरडून काही उपयोग नाही. रॉबी पडतो आणि मरतो. ज्या दोन घरांत उद्या लग्न व्हायचं त्यांच्यात आज सुतक आणि अबोला. रूथचा बाप पीटर (जॉन लॉरी) अँड्र्यूला दार बंद करतो. अँड्र्यू बेट सोडतो, म्हणजे ज्यानं राहायचं म्हणून पैज लावली त्यालाच जावं लागतं. मागे रूथला मूल होतं, ते घटसर्पानं आजारी पडतं आणि डॉक्टर समुद्रापलीकडे.

इथे 'कशावरून' याचं उत्तर चोख आहे. आणि ते दोन घराण्यांपुरतं नाही, प्रत्येक माणसाच्या आतही तेच भांडण चालू आहे. पीटरचं म्हणणं खरं, कारण गाव सोडलं की गाव मरतं. रॉबीचंही खरं, कारण गाव न सोडलं तरी माणूस मरतो. चिठ्ठी लाकडाच्या चिमुकल्या होडक्यात घालून समुद्रात सोडण्याची सेंट किल्डाची खरी रीत पॉवेलनं कथेत गुंफली आहे, आणि ती शोभेपुरती नाही. जिथे वर्षाचे कित्येक महिने बोट लागत नाही तिथे बापाला मुलाच्या आजाराची बातमी पोचवायची तर असंच पोचवायचं. शेवटी बेट सोडण्याच्या अर्जावरच्या पीटरच्या सहीइतका जड क्षण या सगळ्या चित्रपटांत दुसरा नाही. वैर मिटतं, पण ज्या गोष्टीवरून ते होतं ती गोष्ट, म्हणजे बेट, तिच्यासकट मिटतं.

एक गंमत जाता जाता. या बेटांवर माणसं बदलतात पण चेहरे तेच. पॉवेलच्या चित्रपटात फिनले करी ग्रे घराण्याचा कर्ता आणि जॉन लॉरी मॅन्सनांचा. दहा वर्षांनी 'द ब्रदर्स'मध्ये दोघेही पुन्हा हजर. मधल्या काळात करी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये स्मशानातला फरारी कैदी होऊन आला होता. लॉरी म्हातारपणी टीव्हीवरच्या 'डॅड्स आर्मी'त बारा नावाच्या बेटाचा कुरकुऱ्या फ्रेझर झाला आणि आयुष्यभर साकारलेल्या गंभीर बेटकऱ्यांची स्वतःच टिंगल करून मोकळा झाला. 'द ब्रदर्स'मधला जॉन रंगवणारा डंकन मॅक्रे हा ग्लासगोच्या रंगभूमीवरचा नट. हा त्याचा पहिलाच चित्रपट, आणि म्युझिक हॉल गाजवलेल्या विल फाइफचा शेवटचा. सगळ्या चित्रपटात मला मॅक्रेचाच जॉन खरा वाटतो. लांब, हाडकुळा, ओठ घट्ट मिटलेला, धर्मानं आवळलेला आणि आतून पेटलेला. वैराला कारण पटकथा देत नाही, तिथे हा एकटा नट ते स्वतःच्या अंगात शोधतो. बापाच्या हयातभर त्याच्या शब्दाखाली राहिलेल्या थोरल्या मुलाला घर मिळतं पण त्या घरातली मुलगी मिळत नाही. एवढी एक वाटणी चित्रपटात स्पष्ट दिसते आणि ती मॅक्रेमुळे दिसते.

पॉवेल युद्धाच्या शेवटी, आपला सहकारी प्रेसबर्गर याच्याबरोबर, पुन्हा बेटांकडे वळला तो वेगळ्याच मूडमध्ये. 'आय नो व्हेअर आय'म गोइंग!' (१९४५) मध्ये घराण्याचं वैर शाप बनून एका पडक्या गढीत जाऊन बसलं आहे. मॅकनील घराण्याच्या पुरुषानं उंबरा ओलांडला की अनर्थ, अशी ती दंतकथा. कित्येक पिढ्यांपूर्वीचा सूड आता प्रेमकथेत गाठ मारायच्या कामाला येतो. म्यूल बेटाच्या परिसरात चित्रित झालेला हा चित्रपट इतका लाघवी आहे की नायक रॉजर लिव्हसे लंडनच्या नाटकात अडकल्यामुळे त्या बेटांवर गेलाच नाही, लांबून दिसतो तो तोतया, हे सांगूनही पटत नाही. इथे वैर वारसा म्हणून जपलेलं आहे, भांडण म्हणून ते संपलेलं आहे. आणि हे माझ्या मते 'द ब्रदर्स'पेक्षा जास्त प्रामाणिक आहे. कुळांची वैरं विसाव्या शतकात खरोखरच अशीच उरली होती, पाटीवर कोरलेली.

विनोदी चित्रपटांनी तर वैर समूळ उपटून टाकलं. १९४१ च्या फेब्रुवारीत 'पॉलिटिशियन' नावाचं मालवाहू जहाज एरिस्के बेटाजवळ खडकावर चढलं. पोटात हजारो पेट्या व्हिस्की. लोकांनी जमेल तितकी काढली, कोठारांत, दलदलीत, सशांच्या बिळांत लपवली. अबकारी खात्यानं धाडी टाकल्या आणि काही जणांना इन्व्हर्नेसच्या तुरुंगात पाठवलं. कॉम्प्टन मॅकेन्झीनं यावर १९४७ मध्ये 'व्हिस्की गलोर' कादंबरी लिहिली. कादंबरीत दोन बेटं आहेत, ग्रेट टोडे आणि लिटल टोडे. एक प्रोटेस्टंट, दुसरं कॅथलिक, म्हणजे ठिणगी पडायला जागा आहे. अलेक्झांडर मॅकेंड्रिकच्या १९४९ च्या चित्रपटात बेट एकच उरलं. धर्माची भिंत पाडली आणि अख्खं बेट एका बाजूला, इंग्रज होमगार्ड कप्तान वॅगेट दुसऱ्या बाजूला, अशी सरळ लढत लावून दिली. चित्रपट त्यामुळे चपळ झाला यात शंका नाही, आजही खळखळून हसवतो. पण बेट म्हणजे एकजीव, निरागस, बिलंदर लोकांचं कुटुंब, ही समजूत तिथून जी घट्ट झाली ती झालीच. ज्या बेटावर शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी पटत नाही असं बेट पुढच्या विनोदी चित्रपटांना नकोच झालं.

त्याच दशकातले आणखी दोन चित्रपट थोडक्यात. ईलिंग स्टुडिओच्या 'जॉनी फ्रेंचमन'मध्ये (१९४५) कॉर्नवॉल आणि ब्रिटनीचे कोळी एकमेकांच्या हद्दीत घुसून मासे मारतात. पॅट्रिशिया रॉक इथेही मधे आहे. कारण खरं आहे, पण युद्धात खांद्याला खांदा लावलेल्या दोन देशांची दिलजमाई करायची असल्यानं शेवट आधीच ठाऊक असतो. 'हंग्री हिल' (१९४७) हा डाफ्ने ड्यू मॉरिएच्या कादंबरीवरचा. आयर्लंडच्या बेअरा द्वीपकल्पात तांब्याची खाण काढणारे जमीनदार ब्रॉडरिक आणि ज्यांची ती जमीन होती असं मानणारे डोनोव्हन. यामागे पक्सली घराण्याचा खरा इतिहास आहे. १७५४ मध्ये ओ'सुलिव्हन घराण्यातल्या एकानं त्यांच्यातल्या एकाला ठार मारलं होतं आणि १९२१ साली त्यांचा वाडा आयरिश क्रांतिकारकांनी पेटवून दिला. इतकं भक्कम 'कशावरून' दुसऱ्या कुठल्याच चित्रपटाला मिळालं नव्हतं! तरीही तो डोनोव्हनच्या तोंडी एक शाप घालतो आणि तीन पिढ्यांची पडझड त्या शापाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. खाणीत उतरणारा माणूस मागे राहतो, पुढे राहतात पोशाख, मेजवान्या आणि मार्गारेट लॉकवूडचं म्हातारं होत जाणं. हातची कथा घालवणं म्हणतात ते हे.

फिलिप लीकॉकचा 'द किडनॅपर्स' (१९५३) मात्र थांबून पाहावा असा आहे. वस्ती कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाची, चित्रीकरण स्कॉटलंडमध्ये. स्कॉटिश वसाहतकरी आजोबा, म्हणजे पुन्हा आपला डंकन मॅक्रे, मुलगा बोअर युद्धात गमावून बसला आहे. शेजारी हूफ्ट कुटुंब डच वंशाचं, म्हणजे त्याच्या लेखी बोअरांच्याच रक्ताचं. त्यात एका टेकडीच्या मालकीवरून दोघांचा वाद. म्हणजे बांधही आहे आणि जखमही आहे. दोन अनाथ नातू आजोबांकडे येतात. त्यांना कुत्रा हवा असतो. कुत्रा पाळायचा तर त्याला खायला कुठून घालणार, असा आजोबांचा रोकडा हिशेब. मग रानात सापडलेलं एक बाळच ती पोरं लपवून वाढवू लागतात आणि ते निघतं हूफ्टांचं. लहानग्यांच्या अजाणतेपणातून मोठ्यांचं वैर उघडं पाडायचं हा काही नवा डाव नाही. पण लीकॉक त्यात गोडवा कालवत नाही. गरिबी इतकी नेमकी दिसते की वैर हीदेखील त्या म्हाताऱ्याला न परवडणारी चैन वाटू लागते. शेवटी तो माफी मागत नाही, भाषण करत नाही. स्वतःचे चांगले बूट विकून नातवांसाठी कुत्रा घेतो. जॉन व्हाइटली आणि व्हिन्सेंट विंटर या दोन्ही मुलांना बालकलाकारांचं खास ऑस्कर मिळालं. मॅक्रेला काही मिळालं नाही.

एकूण हे सगळं बाजूबाजूला ठेवून पाहिलं की बायकांचा प्रश्न टाळता येत नाही. रूथ, मेरी, कॉर्नवॉलची कोळीण, या सगळ्या मधे उभ्या आहेत. वैर पुरुषांचं, पण त्याची उष्णता मोजायची ती यांच्यावर. 'द ब्रदर्स'वर भडकपणाचा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो, आणि तो बराचसा खरा आहे. ओढ्यात उघडी न्हाणारी मेरी आणि दुरून टपलेले डोळे ही दृश्यं तिकीटखिडकीसाठी आहेत हे कळायला समीक्षक लागत नाही. तरीही या चित्रपटाच्या बाजूनं एक सांगावंसं वाटतं. घरात मुलगी आल्यामुळे भाऊ बिघडले, असं बेट म्हणतं, तेव्हा चित्रपट बेटाची री ओढत नाही. मेरी येण्याआधीच खबऱ्याचं डोकं फोडणारं गाव होतं हे त्यानं सुरुवातीलाच दाखवून ठेवलं आहे. कारण दाखवायला तो चुकला, किंमत कोण मोजतं ते दाखवायला चुकला नाही.

१९८२ साली कॉलिन मॅकआर्थरनं संपादित केलेल्या 'स्कॉच रील्स' या लेखसंग्रहानं या साऱ्या परंपरेवर कडक हल्ला चढवला. चौकड्यांच्या घागऱ्यांचा रोमँटिक स्कॉटलंड आणि चुलीपाशी रमणारा गावंढळ स्कॉटलंड अशा दोनच साच्यांत सिनेमानं हा देश कोंबला, असा त्याचा सूर होता. मुद्दा बिनतोड आहे. स्काय आणि बारा ही तेव्हा गेलिक भाषा बोलणारी बेटं. या चित्रपटांत गेलिक ऐकू येते ती गाण्यापुरती किंवा एखाद्या हाकेपुरती. पण साचा म्हणून सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की 'द एज ऑफ द वर्ल्ड' आणि 'हंग्री हिल' यांतला फरक पुसला जातो, आणि माझ्यासारख्या प्रेक्षकाला तोच फरक महत्त्वाचा वाटतो. पॉवेलही बाहेरचाच होता, केंटमधला इंग्रज. बाहेरच्यानं योग्य प्रश्न विचारला तर तोही आतलं पाहू शकतो.

बेदखलीचं, खंडाचं, गुरचरणाचं भांडण पडद्यावर यायला १९७४ उजाडावं लागलं, आणि ते आलं ते टीव्हीवर. जॉन मॅकग्रा आणि त्याच्या '७:८४' नाट्यमंडळीनं 'द चेव्हियट, द स्टॅग अँड द ब्लॅक, ब्लॅक ऑइल' हे नाटक १९७३ पासून हायलंड्सच्या गावागावांतल्या सभागृहांत नेलं. फिडल, गाणी, गेलिक, थट्टा, आणि त्यातून मेंढ्यांसाठी माणसं हाकलणाऱ्या जमीनदारांपासून उत्तर समुद्रातल्या तेलकंपन्यांपर्यंतचा हिशेब. मंडळीचं नाव देशातल्या ७ टक्के लोकांकडे ८४ टक्के संपत्ती या आकड्यावरून. त्याच १९७३ मध्ये 'द विकर मॅन' आला. पुन्हा एक बेट, पुन्हा स्वतःचा कायदा, आणि बाहेरून आलेल्या पोलिसाचा बळी. तो जगभर गाजला. नाटकाचं चित्रण मात्र आज शोधून पाहावं लागतं.

आणि हा प्रकार संपलेला नाही. मार्टिन मॅकडोनाच्या 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन'मध्ये (२०२२) आयर्लंडच्या एका कल्पित बेटावर कोल्म आपल्या जुन्या मित्राशी, पॉड्रिकशी, एका सकाळी बोलणं बंद करतो. कशावरून? तू कंटाळवाणा आहेस, एवढंच. साल १९२३. खाडीपलीकडे यादवी युद्धाच्या तोफा ऐकू येतात आणि कोण कुणाशी का लढतंय हे बेटावर कुणालाच नीटसं ठाऊक नाही. कारण क्षुल्लक आहे हे इथे चित्रपटाला पक्कं माहीत आहे, ते तो धुक्यात लपवत नाही. बेटावर पोलीसही आहे, आणि तो बेटावरचा सर्वांत हलकट माणूस आहे. पॉड्रिकची बहीण शिव्होन पुस्तकं वाचणारी, दोघांनाही कंटाळलेली. तिला मुख्य भूमीवर ग्रंथालयात नोकरी मिळते आणि ती पेटी उचलून बोटीत बसते. मागून भावाला पत्र लिहिते की इथे तुझ्यासाठी खाट रिकामी आहे, ये. पॉड्रिक जात नाही. त्याला अजून भांडायचं असतं.